दस्तगीर भाऊजींचा पापड

दस्तगीर भाऊजी रोज सकाळी आमच्याकडून एक भाजलेला पापड मागून नेत, पण तो खात नसत.

पापड नेऊन ते आपल्या फोटो स्टुडिओच्या दारात, चौकटीच्या खिळ्याला दोऱ्यानं टांगत. मग दिवसभर आतबाहेर करताना त्याला बोट लावून बघत. पापड कुडकुडीत असला तर गिऱ्हाइकाशी दोन शब्द बरे बोलत. मऊ पडून वाकायला लागला की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. भिंतीपलीकडून हाक यायची, "वहिनी, हवेत पाणी आलंय." घरात चोर शिरल्यावर माणूस दबक्या आवाजात सांगतो ना, तसं.

कळंबच्या स्टँडसमोर दोन गाळे होते. एकात आमच्या ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्यात भाऊजींचा स्टुडिओ. मागच्या बाजूला दोघांची राहायची घरं आणि मधे एकच भिंत. त्यांच्या घरात पापड नव्हते असं नाही. पण त्यांच्या बायकोनं, हसीनाभाभींनी, साफ सांगून टाकलं होतं, "अल्लानं अन्न तोंडासाठी दिलंय, खिळ्यासाठी न्हाय. माझ्या डब्याला हात लावायचा न्हाय." म्हणून ते आमच्याकडं येत. मला नाही म्हणायला जमत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

भाजलेल्या पापडाला भोक पाडायला गेलं की तो फुटतो. भोक आधी पाडायचं आणि मग भाजायचा, हे मला पुष्कळ पापड फोडल्यावर समजलं. आमचे हे म्हणायचे, "चौथी शिकून तुझा काय उपयोग न्हाय झाला, पण दस्तगीरच्या नोकरीत तू कायम झालीस."

एवढी काळजी कशाची, तर कॅमेऱ्याची. भाऊजींचा पहिला कॅमेरा चामड्याच्या पिशवीत असायचा. एका पावसाळ्यात काम कमी होतं म्हणून तो पिशवीसकट कपाटात राहिला. बाहेर काढला तेव्हा पिशवीवर पांढरी बुरशी आणि भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. त्यानंतर जो फोटो काढावा त्यात धुकं. शेळगावची एक बाई आपल्या सासूचा फोटो परत घेऊन आली आणि म्हणाली, "आमच्या म्हातारीला ह्यात जिवंतपणीच ढगात बसवलंय तुमी." इंदापूरच्या एका जाणत्या माणसानं भिंग उजेडाला धरून बघितलं आणि मान हलवली. भाऊजी तो कॅमेरा छातीशी धरून एसटीतून परत आले.

दुसरा कॅमेरा आला तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "माणूस वाळतं, मशीन वाळत न्हाय."

हे वाक्य ते कुठंही म्हणत. लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडणारी बाई दिसली की ते खांबामागं पळत आणि तिथून हे वाक्य म्हणत. आचारी डेगीचं झाकण उघडायला लागला की ते लांब जात. "वाफ म्हंजे चोरून आलेला पाऊस," हे त्यांचं दुसरं वाक्य. त्यामुळं त्यांनी काढलेल्या कुठल्याही लग्नाच्या फोटोत जेवणाची पंगत जवळून दिसत नाही. पंक्ती दिसतात, पण शेतातल्या वाफ्यांसारख्या.

शेळगावच्या एका बागायतदाराच्या रानात बोअरला पाणी लागलं. पहिलं पाणी वर उडताना त्याला फोटो हवा होता. भाऊजी गेले, पण रस्त्याच्या पलीकडं ज्वारीत जाऊन उभे राहिले. फोटो घ्यायला बागायतदार दुकानात आला तेव्हा मी ह्यांना चहा द्यायला बाहेर आले होते.

"दस्तगीर, ह्यात मी कुठाय?"

"हा काय. टोपीवाला."

"सगळेच टोपीवाले हायत."

"त्यातला हात वर केलेला."

"सगळ्यांनीच हात वर केल्यात. पाणी लागलं तर काय हात खाली घालून बसतील?"

"आबा, पाणी तर आलंय ना फोटोत?"

"ही पांढरी रेघ? मला वाटलं दोरा चिकटलाय."

भाऊजींनी पैसे घेतले नाहीत. पण तो गेल्यावर कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "तुझ्या अंगावर शिंतोडा न्हाय आला, ह्यात सगळं आलं."

हा कॅमेरा घरात असला की तांदळाच्या डब्यात राहायचा. तांदूळ कढईत कोरडे भाजून, गार करून, त्यात कापडात गुंडाळलेला कॅमेरा आणि दवाखान्यातून मागून आणलेल्या, औषधाच्या बाटल्यांत असतात त्या ओल ओढणाऱ्या लहान लहान पुड्या. एकदा अवचित पाहुणे आले आणि भाभींनी घाईत तोच डबा सुपात उपडा केला. तांदळाबरोबर कॅमेरा सुपात आला. भाऊजी धावत गेले. भाभी म्हणाल्या, "ओरडताय कशाला. सांगा, हा आधी धुवून घेऊ का तसाच शिजवू?" त्या दिवशी पाहुण्यांनी भाजलेल्या तांदळाचा पुलाव खाल्ला आणि वेगळाच लागतोय म्हणून वाढून घेतला.

बाहेरच्या कामासाठी मात्र डबा उपयोगाचा नव्हता. एके दिवशी भाऊजी खताची रिकामी पिशवी, फाटक्या छत्रीचं कापड आणि ह्यांच्या दुकानातली सायकलची जुनी ट्यूब घेऊन आले आणि माझ्या शिलाई मशीनवर ठेवून म्हणाले, "वहिनी, ह्याला काहीतरी शिवा." काय शिवावं मला सुचेना. मला एकच येत होतं, ते शिवलं. तान्ह्या बाळाला घालतात तशी कुंची. वरून छत्रीचं काळं कापड, आत प्लास्टिक, भिंगाभोवती ट्यूबचं रबर. पुढं पिशवीच्याच पांढऱ्या तुकड्याचा पडदा, त्यावर पिशवीवरच्या कणसाचं हिरवं चित्र आलं होतं. फोटो काढताना पडदा वर करून नाडीनं बांधायचा, झालं की सोडायचा.

भाऊजींना ती फार आवडली. स्टँडवर मात्र लोकांना विषय मिळाला. "दस्तगीर, बाळ झोपलं का?" "बाळाला काजळ लावलं का?" भाऊजी शांतपणे म्हणत, "हसा. तुमचं बाळ भिजलं तर पुसता येतं."

कॅमेरा ते कुणाच्या हातात देत नसत. पूर्वी एका पाहुण्यानं हौसेनं घेतला होता. ह्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वर आणि भिंग खाली, असं वेगवेगळं होतं. पाहुण्यानं खिडकीतून बघून सगळं रीळ संपवलं आणि भिंगाचं झाकण काढलंच नाही. रीळ धुवून आलं ते कोरं करकरीत. तेव्हापासून जवळ कुणी आलं की भाऊजी आधी म्हणत, "हात दाखव." हाताला पाणी, तेल, घाम काहीही दिसलं की, "लांबनंच बोल."

त्यांना एकच मुलगी, रेश्मा. ती लहान असताना भाऊजी तिला सायकलवर पुढं बसवून निरवांगीच्या एका लग्नाला घेऊन गेले होते. येताना वाटेत पाऊस लागला. रेनकोट एकच होता. भाऊजींनी तो कॅमेऱ्याला गुंडाळला. पोर भिजत घरी आली आणि रात्री तापानं फणफणली. भाभींनी तेव्हा त्यांना काय काय सुनावलं ते भिंतीतून मला ऐकू येत होतं. भाऊजींचं एकच हळू आवाजात, "माणूस वाळतं गं." त्यावर भांडं आपटल्याचा आवाज आला.

रेश्मा मोठी झाली तरी ती गोष्ट विसरली नाही. पण तिनं ती थट्टेवारी नेली. न्हाऊन केस वाळवायला दारात बसली की म्हणायची, "काकू, माणूस वाळतं. अब्बांनी सांगितलंय." मला ते ऐकून हसू यायचं आणि कुठंतरी बरं वाटायचं नाही.

तिचं लग्न बारामतीच्या मुलाशी ठरलं, वैशाखात. एका दुपारी ती आमच्या ओट्यावर माझ्याबरोबर ब्लाउजला हुक लावत बसली होती. भाऊजी पापडाला बोट लावायला बाहेर आले. ती म्हणाली, "अब्बा, साऱ्या तालुक्याच्या पोरी तुमी फोटो काढून सासरी धाडल्या. माझ्या फोटोत तुमी कुठं असणार?"

"मी कॅमेऱ्याच्या मागं."

"मागं न्हाय. माझ्याशेजारी. आपल्या दोघांचा एक बी फोटो न्हाय घरात. जायच्या टायमाला दारात काढायचा. न्हाय तर मी गाडीत बसणार न्हाय."

"आणि कॅमेरा कुणाच्या हातात देऊ?"

"ते तुमी बघा."

भाऊजी हसले, पण मला दिसलं की त्यांनी पापडाला बोट लावायचं विसरून नुसताच हात वर धरला होता.

तिथून लग्नापर्यंत त्या माणसाला चैन नव्हती. त्यांनी बारामतीचा एक फोटोवाला बघितला. "माणूस चांगला हाय, पण तळहाताला घाम येतो." इंदापूरचा एक बघितला. "तो कॅमेरा उन्हात गाडीच्या टाकीवर ठेवतो. निर्दय हाय." आमच्या ह्यांनी स्वतःहून विचारलं तर म्हणाले, "मारुतराव, तुमच्या हाताचं ग्रीस तुमच्याबरोबरच जाणार." रोज सकाळी पापड घ्यायला आले की आधी आभाळाकडं बघत. वैशाखातलं आभाळ, सकाळी एकदम स्वच्छ. तरी म्हणत, "वळीव सांगून येत न्हाय, वहिनी." मलाही मग रात्री झोप लागेना. लग्न त्यांच्या घरी, आणि मी आमच्या दारात उभी राहून ढग शोधत होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी पापड कडक होता. निकाह झाला, लोक जेवायला बसले. कुंची घातलेला कॅमेरा गळ्यात घेऊन भाऊजी स्वतःच्याच मुलीच्या लग्नात डेगीपासून लांब लांब फिरत होते. दुपार कलली तेव्हा मी स्टुडिओच्या दारावरून गेले. पापड वाकला होता. निरवांगीच्या बाजूनं आभाळ काळं होऊन वर येत होतं. मी त्यांना सांगायला गेले, पण त्यांनी माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं.

वारा आला, धूळ आली आणि मागोमाग पाऊस. मंडपाचं कापड पाण्यानं फुगून ठिकठिकाणी गळायला लागलं. गाडी रस्त्यावर उभी होती. मुलाकडची माणसं घाई करायला लागली. "ओढ्याला पाणी आलं तर रात्र हितंच काढावी लागंल. पोरीला बसवा." रेश्मा दाराच्या उंबऱ्यावर नटूनथटून उभी. म्हणाली, "फोटो झाल्याबिगर न्हाय."

भाऊजींनी कॅमेरा काखेत दाबला आणि माणसांमधून फिरायला लागले. "हात दाखव." एकाचे तुपानं माखलेले. "हात दाखव." दुसरा नुकताच भिजून आलेला. "तुमचा?" म्हाताऱ्या मामूंचा हात कोरडा होता, पण थरथरत होता. भाभी दारातून म्हणाल्या, "आता समद्या वऱ्हाडाचे हात बघा. एखाद्याचं भविष्य बी सांगा." गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

मी दाराआड उभी होते. माणसांत गेले की मला हात कुठं ठेवावेत ते कळत नाही, म्हणून मी ते पदरात गुंडाळून धरते. भाऊजी माझ्यासमोर येऊन थांबले.

"वहिनी, हात दाखवा."

मी पदरातून हात काढले. कोरडे होते.

"मला न्हाय जमायचं, भाऊजी."

"कुंची कुणी शिवली? ह्याच्या नाड्या तुमच्याइतक्या कुणाला म्हाईत हायत? खिडकीतनं बघायचं, हे बटण दाबायचं. बास."

त्यांनी पट्टा माझ्या गळ्यात घातला. पडदा वर करून नाडी बांधली. दोन पावलं गेले, वाऱ्याचा झोत आला, परत आले आणि पडदा थोडा खाली ओढला. "थेंब जाईल." पुन्हा निघाले, पुन्हा आले, पुन्हा थोडा खाली ओढला. तेवढ्यात रेश्माची हाक आली, "अब्बा, या की आता." ती अंगणात उतरली होती.

भाऊजींच्या हातात त्यांची मोठी काळी छत्री होती. ती छत्री सगळ्या कळंबला माहीत होती. ती फक्त कॅमेऱ्यासाठी उघडायची. नवरा-नवरी भिजत उभे असले तरी तिच्याखाली दुसऱ्या कुणाला जागा नव्हती. अंगणाच्या मधोमध ते थांबले. इकडं मी कॅमेरा घेऊन, तिकडं पोर. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं.

"वहिनी, तुमी वळचणीला आत सरका," असं म्हणाले आणि छत्री घेऊन तिच्याकडं गेले.

छत्री त्यांनी तिच्या डोक्यावर धरली. सगळीच्या सगळी. स्वतः बाहेर राहिले. नवा सदरा बघता बघता अंगाला चिकटला. मी खिडकीतून बघत होते, दोघं त्यात पुरते दिसत होते. रेश्मा म्हणाली, "अब्बा, भिजताय तुमी."

"माणूस वाळतं," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. कट असा आवाज आला. त्यानंतर ती गाडीत बसली, पाठवणीला होतं ते सगळं झालं, त्यातलं मला फारसं आठवत नाही. मी पडदा सोडून, दोन्ही हातांनी कॅमेरा पोटाशी धरून भिंतीला टेकून उभी होते.

रीळ धुवायला बारामतीला गेलं. ते येईपर्यंत मी रोज ह्यांच्या चहात साखर घालायची विसरत होते. आमचे हे म्हणाले, "बटण तू दाबलंयस का तोफ उडवलीयस?" भाऊजी रोज पापड न्यायला येत आणि फोटोचा विषय काढत नसत. ते काढत नव्हते म्हणून मला जास्त भीती वाटत होती.

पाकीट आलं त्या दिवशी त्यांनी मला आणि भाभींना स्टुडिओत बोलावलं. फोटो एकेक करून काचेवर ठेवले. निकाहचे, मेंदीचे, पाहुण्यांचे, सगळे स्वच्छ. शेवटी तो आला. अर्धा फोटो पांढरा. पांढऱ्यावर हिरवं पुसट काहीतरी. तो कुंचीचा पडदा होता. खिडकी वर, भिंग खाली, आणि भिंगाच्या अर्ध्यावर एका बाजूनं पडदा तिरका आलेला. उरलेल्या अर्ध्यात रेश्मा होती, हसणारी, पूर्ण कोरडी. तिच्यावर छत्री. छत्रीची दांडी धरलेला एक हात आणि भिजून चिकटलेली बाही. भाऊजींचं तोंड पडद्यामागं गेलं होतं.

मला वाटलं जमीन दुभंगावी. अंगठ्याची सावली आली तरी फोटो फाडून टाकणारा माणूस. मी एवढंच म्हणाले, "भाऊजी, मला खिडकीतनं तुमी दोघं दिसत होता."

ते फोटो उजेडाला धरून खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पडदा मीच ओढला." फोटो माझ्यापुढं धरून म्हणाले, "पण थेंब आलाय का कुठं? बघा. एक बी थेंब न्हाय."

भाभींनी फोटो हातात घेतला. "बरं झालं तोंड झाकलं ते," त्या म्हणाल्या. "रडत होता. मी बघितलंय."

भाऊजी उठून दारात गेले आणि पापडाला बोट लावत उभे राहिले.

तो फोटो त्यांनी मोठा करून स्टुडिओत लावला. गिऱ्हाईक विचारायचं, "दस्तगीर, हा अर्धाच का लावलाय?" ते म्हणत, "तो पावसातला हाय," आणि गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवत.

कॅमेऱ्याची काळजी तशीच राहिली. पण आणखी एक सुरू झाली. पापड मऊ पडला की ते आधी कॅमेरा डब्यात ठेवायचे आणि मग स्टँडवरच्या फोनच्या बूथकडं चालू लागायचे. रेश्माच्या सासऱ्याच्या दुकानात फोन होता. काचेच्या खोक्यात असूनही त्यांचा आवाज ह्यांच्या दुकानापर्यंत यायचा. "रेश्मा, पापड मऊ पडलाय. कपडे आत घे. बाहेर जाणार असशील तर छत्री ने." बूथवाला हसून म्हणायचा, "भाई, पापड कळंबचा आणि पाऊस बारामतीचा, हे कसं काय?" भाऊजी म्हणायचे, "आभाळ एकच हाय की."

श्रावणात एका दिवशी ते बूथमधून लवकर बाहेर आले. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. ते खिळ्याजवळ थांबले.

"वहिनी, तिनं बी टांगलाय."

"काय?"

"पापड. सासूनं विचारलं हे काय, तर म्हणाली, आमच्या घरची रीत हाय. तितला अजून कडक हाय म्हणती."

त्यांनी आपला वाकलेला पापड खिळ्यावरून काढला, त्याचा दोरा सोडवला आणि तिथंच उभ्या उभ्या खायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना माझा पापड खाताना पहिल्यांदा बघत होते. मऊ पडला होता, चावत नव्हता, तरी सगळा खाल्ला.

मग म्हणाले, "वहिनी, तुमच्या पापडात मीठ जास्त हाय."

मी तांदळातला खडा बाजूला टाकला.

"मीठ पाणी ओढतं. म्हणून आपला आधी मऊ पडतो."

इतकी वर्षं ढग नसतानाही जीव मुठीत धरून बसलेलो आम्ही, ते माझ्या मिठामुळं. मला लाज वाटली. मी विचारलं, "पुढल्या उन्हाळ्यात कमी घालू का?"

त्यांनी बोटांवरचा चुरा झाडला आणि बारामतीच्या बाजूच्या आभाळाकडं बघितलं.

"नको," म्हणाले. "आधी कळलेलं बरं."